हाताची तालीम

डिसेंबर १९९८ मध्ये मायक्रोप्रोझ या अमेरिकन कंपनीने ‘फाल्कन ४.०’ हा संगणकावरील विमानयुद्धाचा खेळ बाजारात आणला, तेव्हा त्याच्या पेटीत तबकडीच्या जोडीला कड्यांच्या बांधणीत बसवलेली पाचशेहून अधिक पानांची एक पुस्तिका होती. आणि ती पुस्तिका कथानक सांगण्यासाठी किंवा चित्रांनी मन रिझवण्यासाठी लिहिलेली नसून, एफ-१६ या लढाऊ विमानाचे रडार कसे चालवावे, क्षेपणास्त्र कोणत्या परिस्थितीत सोडावे, धावपट्टीवर उतरताना विमानाचे नाक कसे धरावे, यांचा तपशील तिच्यात लष्करी दफ्तराच्या काटेकोरपणाने नोंदवलेला होता. खेळ म्हणून विकत घेतलेल्या वस्तूबरोबर अभ्यासाचा एवढा सरंजाम घरी यावा, आणि तरीही देशोदेशीच्या माणसांनी तो अभ्यास दिवसभराचा कामधंदा आटोपल्यावर हौसेने पत्करावा, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते. हौशी जाणकारांनी त्याच खेळाचा पाया घेऊन घडवलेले ‘फाल्कन बीएमएस’ आजही उडवले जाते. २००१ साली आलेल्या ‘आयएल-२ स्टुर्मोविक’ने दुसऱ्या महायुद्धातील विमाने घराघरांतील टेबलांवर आणली, आणि ईगल डायनॅमिक्स या कंपनीने अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डसाठी ए-१०सी या विमानाचे जे प्रशिक्षणोपयोगी सिम्युलेटर तयार केले, त्याच कामातून २०११ साली सामान्य ग्राहकासाठी ‘डीसीएस: ए-१०सी वॉरथॉग’ निघाले, ज्यात कॉकपिटमधील जवळजवळ प्रत्येक खटका, चकती आणि कळ हलवता येते आणि हलवल्यावर खऱ्या विमानात जे घडावे तेच पडद्यावर घडते.

या वास्तवनिष्ठेचे आकर्षण जेवढे मोठे, तेवढाच नवख्याचा पहिल्या आठवड्यातील हिरमोडही मोठा. तो उत्साहाने खेळ उघडतो, नियंत्रणांचे पान पाहतो, आणि एकाच विमानासाठी शेकडो क्रियांची एक यादी त्याच्यापुढे उभी राहते, जिच्यातील प्रत्येक क्रियेला कीबोर्डवरील एखादी कळ किंवा जॉयस्टिकवरील एखादे बटण नेमून देता येते. मग तो ती यादी कागदावर छापून घेतो, भिंतीला लावतो, पाठ करू लागतो. आणि प्रत्यक्ष उड्डाणात शत्रूचे विमान समोरून सरकन निघून गेले की पाठ केलेले सारे विसरून कोणतीही कळ दाबू लागतो. अशी अनेक चांगली, बुद्धिमान, चिकाटीची माणसे या छंदापासून दूर गेलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या दूर जाण्याचे कारण त्यांच्या बुद्धीत नव्हते, तर त्यांनी अभ्यास ज्या टोकाकडून सुरू केला त्या टोकात होते. यादी ही शिकण्याची वस्तूच नव्हे. शिकायचे असते ते हे, की अमुक एका क्रियेची गरज ज्या क्षणी पडते त्या क्षणी वैमानिकाचे डोळे कोठे असतात. कारण ज्या कामाच्या वेळी डोळे कॉकपिटच्या आत असू शकतात ते काम पाहून, वाचून, सावकाश करता येते, आणि ज्या कामाच्या वेळी डोळे बाहेर असलेच पाहिजेत ते काम हाताला न पाहता आले पाहिजे. हा एक भेद मनात पक्का केला म्हणजे त्या शेकडो नोंदींपैकी बहुसंख्य नोंदी आपोआप बाजूला होतात आणि हाताला खरोखर शिकवावयाच्या अशा वीस-पंचवीसच शिल्लक राहतात.

हा भेद खेळ तयार करणाऱ्यांनी योजलेला नाही. विमानविद्येने तो फार मोठी किंमत देऊन संपादन केला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ ही चार इंजिनांची बाँबफेकी विमाने सुखरूप उतरल्यावर, धावपट्टीवर धावत असताना, वैमानिक कित्येकदा पंखांवरील फ्लॅप आत घेण्याऐवजी चाकेच आत घेत आणि धडधाकट विमान पोटावर बसे. चौकशीच्या कागदांवर याची नोंद वैमानिकाची चूक अशी होई. राइट फील्ड येथील हवाई वैद्यकीय प्रयोगशाळेत नेमलेल्या अल्फोन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली या प्रकाराकडे लक्ष दिले, तेव्हा त्याला आढळले की या विमानात चाकांचा खटका आणि फ्लॅपचा खटका शेजारीशेजारी, आकाराने अगदी सारखे बसवलेले आहेत. आणि ज्या सी-४७ विमानात ही दोन नियंत्रणे निराळ्या ठिकाणी व निराळ्या पद्धतीची होती, त्याच्या वैमानिकांच्या हातून ही चूक घडत नव्हती. थकलेल्या माणसाचा हात अंधारात चाचपडतो तेव्हा त्याला आकारच मार्ग दाखवतो, हे ओळखून त्याने चाकांच्या नियंत्रणाला रबराचे छोटे चाक आणि फ्लॅपच्या नियंत्रणाला पाचरीच्या आकाराचा तुकडा लावण्याची तजवीज केली, आणि ती चूक थांबली. आजही विमानांत चाकांच्या दांडीच्या टोकाला चाकाचाच आकार असतो. पुढे १९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या दोघांनी नियंत्रणे हाताळताना घडलेल्या ४६० चुकांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले, आणि त्यांतील सुमारे निम्म्या चुका एका नियंत्रणाच्या जागी भलतेच नियंत्रण हाती लागल्याच्या निघाल्या. घरच्या टेबलावर शिकणाऱ्या माणसाला हा इतिहास ठाऊक असणे मला आवश्यक वाटते, कारण स्वतःच्या जॉयस्टिकवर कोणते बटण कोठे ठेवावे हे ठरवताना तो अगदी त्याच प्रश्नाचा निवाडा करीत असतो: एकसारखी भासणारी, शेजारीशेजारी असलेली दोन बटणे त्याने चाके आणि बाँब यांना नेमून दिली, तर घोटाळा त्याच्या बोटांचा नसून त्याच्या व्यवस्थेचा असेल.

जेट विमानांच्या युगात हाच विचार एका पूर्ण शास्त्रात परिणत झाला, ज्याला वैमानिक ‘होटास’ म्हणतात. एका हाताने स्टिक आणि दुसऱ्याने थ्रॉटल धरलेला असताना, कोणताही हात न उचलता, लढाईला लागणारे सारे काम त्या दोन मुठींवरील बटणांनी करता यावे, असा त्याचा अभिप्राय. टेबलाशी बसलेल्या माणसाला याची निकड सहसा उमगत नाही, कारण त्याच्या खोलीत गुरुत्वाकर्षण नेहमीसारखेच असते. एफ-१६ विमान तीव्र वळण घेताना वैमानिकावर त्याच्या वजनाच्या नऊपट भार येऊ शकतो. म्हणजे तीन किलोंचा हात त्या घटकेला सत्तावीस किलोंचा होतो, आणि तो उचलून समोरच्या फलकावरील एखादी बारीक कळ नेमकी दाबणे ही कल्पनाच सोडून द्यावी लागते. म्हणूनच त्या विमानात आसन सुमारे ३० अंश मागे कललेले आहे, स्टिक पायांच्या मध्ये नसून उजव्या बाजूला आहे, हात टेकवायला आधार आहे, आणि बोटांना जे जे लागेल ते मुठीवरच आणून ठेवले आहे.

त्या मुठीवरील बटणांत एक संगती आहे, आणि ती समजली की पाठांतराचा भार निम्मा उतरतो. एफ-१६च्या स्टिकवर चार दिशांना ढकलता येणारी अनेक बटणे आहेत, पण त्यांपैकी दोघांकडे मुख्य कारभार आहे. एकाला डीएमएस म्हणतात, दुसऱ्याला टीएमएस. डीएमएसने वैमानिक विमानाला इतकेच सांगतो, की आता माझे लक्ष कोणत्या पडद्यावर आहे: वर ढकलले की समोरच्या काचेवर उमटणारी माहिती, खाली ओढले की खालच्या दोन पडद्यांपैकी एक, पुन्हा ओढले की दुसरा. खालच्या पडद्यांपैकी ज्याच्याकडे अशी मुखत्यारी जाते त्याच्याभोवती चौकट उमटते. नंतर टीएमएस: पुढे ढकलणे म्हणजे हे लक्ष्य मला हवे, मागे ओढणे म्हणजे ते सोडले. पडदा रडारचा असो, भूमीवरील लक्ष्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचा असो, शस्त्र कोणतेही असो, पुढे म्हणजे स्वीकार आणि मागे म्हणजे त्याग हा अर्थ सहसा बदलत नाही. म्हणून शिकणाऱ्याने बटणांची शंभर कार्ये शंभर स्वतंत्र गोष्टी म्हणून पाठ करू नयेत. प्रथम लक्ष कोठे आहे ते सांगावे, मग त्या लक्षात जे आहे ते घ्यावे किंवा टाकावे, ही दोन पावलांची चाल हातात मुरवावी. नवख्यांना जेव्हा वाटते की बटण बिघडले आहे, तेव्हा बटण ठीक असते आणि मुखत्यारी दुसऱ्या पडद्याकडे असते. चौकट कोठे आहे हे आधी पाहण्याची सवय ही या विमानाच्या शिक्षणातील पहिली सवय असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच विमानाच्या थ्रॉटलवर एक लहानसा सरकता खटका आहे, जो एका बाजूला सारला की विमान, आधी ते कोणत्याही कामात गुंतलेले असो, जवळच्या हवाई झुंजीसाठी सज्ज होते: रडार जवळच्या टप्प्यात आपण होऊन लक्ष्य शोधू लागते आणि बंदुकीची व उष्णताशोधी क्षेपणास्त्राची चिन्हे समोर येतात. जमिनीवर बाँब टाकण्याच्या तयारीत असलेल्या वैमानिकावर अकस्मात शत्रू चालून आला, तर त्याला पडदे आणि पाने धुंडाळण्याची सवड नसते, हे आराखडा करणाऱ्याने आधीच जाणले होते. एफ/ए-१८ हॉर्नेटमध्ये हीच गरज निराळ्या रीतीने भागवली आहे. तिथे स्टिकवरील शस्त्रनिवडीचे बटण पुढे ढकलले की स्पॅरो, उजवीकडे ॲमरॅम, दाबले की साइडवाइंडर ही क्षेपणास्त्रे आणि मागे ओढले की बंदूक. आणि यांतील काहीही निवडले की विमान स्वतःच हवाई युद्धाच्या स्थितीत जाते. दोन्ही रीती आपापल्या जागी निर्दोष आहेत, पण एकीची सवय दुसरीला घातक ठरते, आणि म्हणूनच एका विमानाची बोटे तयार होण्यापूर्वी दुसरे विमान विकत घेऊ नये, हा सल्ला मी प्रत्येकाला आग्रहाने देतो.

याच्या उलट टोकाला मिग-२१ उभे आहे, आणि त्याच्याशी आपला संबंध दूरचा नाही. नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ही विमाने घडली, १९६३ पासून ती भारतीय वायुसेनेत होती, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे त्यांना समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. वॉरथॉग ज्यात आले त्या डीसीएस या खेळसंचात जे मिग-२१बिस मिळते, त्याच मालिकेतील विमाने ओझरला तयार झाली होती. १९५० च्या दशकातील आराखड्यावर उभ्या असलेल्या या विमानात मुठींवर सारा कारभार आणण्याची कल्पना नाही: शस्त्राची निवड पुढच्या फलकावरील फिरत्या खटक्याने, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर खटक्यांच्या रांगा. एवढेच काय, ब्रेकसुद्धा पायाच्या पंज्याने लागत नाहीत. स्टिकवरील कळ आवळायची आणि ज्या बाजूचे रडर पेडल दाबलेले असेल त्या बाजूच्या चाकावर जोर अधिक पडतो, जी पद्धत स्पिटफायरमध्येही होती. अमेरिकन विमानांवर शिकलेला माणूस येथे पंजे दाबत राहतो आणि विमान धावपट्टीवरून निघून जाते. या विमानात डोळे वारंवार आत न्यावे लागतात. म्हणून जे जे आधी करून ठेवता येईल ते शत्रू दिसण्यापूर्वीच करून ठेवणे, ही त्याची शिस्त आहे. ज्या वैमानिकांनी हे विमान आपल्या आकाशात सहा दशके सांभाळले, त्यांच्या कष्टाची थोडीशी कल्पना घरी बसलेल्या माणसाला यातून येते, आणि मला ती फार मोलाची वाटते.

दुसऱ्या महायुद्धातील विमानांत पडदे नाहीत, रडार नाही, म्हणून ती सोपी असतील असा समज होतो. पण तिथे इंजिनाचा स्वभाव सांभाळावा लागतो. पी-५१ मस्टँगमध्ये डाव्या हाताला इंजिनात शिरणाऱ्या मिश्रणाचा दाब ठरवणारा थ्रॉटल आहे आणि शेजारी इंजिनाचे फेरे ठरवणारी पंख्याची दांडी. शक्ती वाढवायची तर आधी फेरे वाढवावे आणि मग दाब. कमी करायची तर आधी दाब उतरवावा आणि मग फेरे. कमी फेऱ्यांवर जास्त दाब दिला तर सिलिंडरांत अकाली स्फोट होऊन इंजिन निकामी होते, हे कारण एकदा समजले की क्रम पाठ करावा लागत नाही. उड्डाणाच्या वेळी ६१ इंच दाब आणि ३००० फेरे, दीर्घ काळ चालवायचे तर ४६ इंच आणि २७०० फेरे, हे आकडेही त्याच समजुतीच्या आधाराने लक्षात राहतात. धावपट्टीवर वेग घेताना विमान डावीकडे ओढले जाते, म्हणून उजवे पेडल; आणि जमिनीवर चालताना स्टिक मागे धरली तर शेपटीचे चाक दोन्हीकडे ६ अंशांपुरतेच वळते, पुढे ढकलली तर मोकळे फिरते. ही शेवटची गोष्ट ठाऊक नसल्यामुळे कित्येक जण उड्डाणापूर्वीच विमान गिरक्या घेत गवतात नेतात.

आता उपकरणांविषयी. महागड्या सामग्रीवाचून हे शिकता येत नाही, ही समजूत चुकीची आहे. थ्रॉटलची पट्टी आणि मूठ पिळून रडर फिरवण्याची सोय असलेली एक साधी जॉयस्टिक आरंभाला पुरते. मात्र दोन बाबींची तपासणी पहिल्याच दिवशी करावी. डीसीएसला नवे उपकरण जोडले की खेळ त्याचे अक्ष आपण होऊन वाटून टाकतो, आणि एकच नियंत्रण दोन उपकरणांकडे गेले की विमान विनाकारण एका बाजूला कलंडू लागते; तेव्हा अक्षांचे पान उघडून, नाक वर-खाली, पंख डावे-उजवे, रडर आणि थ्रॉटल या चारांपैकी प्रत्येक फक्त एकाच ठिकाणी रुजू आहे ना, हे पाहावे. दुसरी बाब संवेदनशीलतेची. टेबलावरील आखूड दांडी थोडी हलली तरी विमान फार हलते, म्हणून मध्याजवळ तिचा परिणाम सौम्य करणारी वक्ररेषा बसवता येते. असे करणे म्हणजे वास्तवाशी प्रतारणा, असे काही जण मानतात. मला ते पटत नाही. २० जानेवारी १९७४ रोजी वायएफ-१६ या मूळ नमुन्याची जमिनीवर वेगाने धावण्याची चाचणी चालू असताना ते विमान डावी-उजवीकडे इतके हेलकावू लागले की चाचणी वैमानिक फिल ओस्ट्रायखर यांनी ते हवेत उचलण्याचा निर्णय घेतला आणि एक फेरी मारून सुखरूप उतरवले. त्याची स्टिक न हलता केवळ हाताचा दाब ओळखणारी होती आणि तिला मिळणारा प्रतिसाद फाजील तीव्र ठेवला गेला होता. अभियंत्यांनी तो कमी केला, आणि पुढे त्या स्टिकला किंचित हालचालही दिली. खऱ्या विमानाला जी दुरुस्ती लागली ती घरच्या जॉयस्टिकला लागली तर त्यात कमीपणा कसला?

तालमीचा क्रम कसा असावा? बंद इंजिनापासून सुरुवात करण्याची लांबलचक प्रक्रिया हे शिक्षणाचे पहिले पान मानण्याचा प्रघात आहे, आणि तो मला चुकीचा वाटतो. त्या कामात डोळे आतच असतात, घाई नसते, आणि माउसने एकेक खटका दाबत, शेजारी ठेवलेली तपासयादी वाचत ते करता येते. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी राइट फील्डवर बोइंगच्या मॉडेल २९९ चा अपघात झाला आणि दोन वैमानिक प्राणास मुकले, कारण शेपटीच्या नियंत्रणांना जमिनीवर लावलेले कुलूप उड्डाणापूर्वी काढायचे राहून गेले होते. तपासयादीची प्रथा त्यानंतर रूढ झाली, ती स्मरणशक्तीवर विसंबू नये यासाठीच. म्हणून नवख्याने इंजिन चालू असलेले, हवेत असलेले विमान घ्यावे; फक्त ट्रिम, ब्रेक, एअरब्रेक, चाके, फ्लॅप आणि नजर फिरवण्याची कळ एवढीच जोड द्यावी; आणि धावपट्टीभोवती चक्रे मारीत उतरण्याचा सराव करावा. बंदूक त्यानंतर, आणि रडार सर्वांत शेवटी. ज्याच्या हातून विमान सरळ उडत नाही त्याने रडारचा पडदा पाहणे म्हणजे दोन्हीकडे दुर्लक्ष करणे आहे.

आणखी एक साधन आहे, त्याला पैसा लागत नाही. तबला शिकणारा विद्यार्थी हात चामड्यावर ठेवण्याआधी बोल तोंडाने म्हणतो, पढंत पक्की झाली की मग हात बसतो. वायुसेनेतील प्रशिक्षणार्थीही साध्या खुर्चीत बसून, डोळे मिटून, हातात काही नसताना पूर्ण उड्डाण तोंडाने म्हणत आणि हाताने करीत जातात. डीएमएस खाली, चौकट उजव्या पडद्यावर, टीएमएस पुढे, असे मोठ्याने म्हणत केलेली दहा मिनिटांची तालीम संगणकापुढील एका तासाची बरोबरी करते, असा माझा अनुभव आहे. शिवाय सिम्युलेटर कोणत्याही क्षणी थांबवता येतो, ही सवलत आकाशात कोणालाही मिळत नाही. चुका जमिनीवर स्वस्तात व्हाव्यात, याच हेतूने न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावच्या एडविन लिंक याने १९२९ साली, वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यातील भाते वापरून, आपला पहिला उड्डाणशिक्षक बांधला होता. पण १९३४ साली टपाल वाहताना खराब हवेत लष्कराचे अनेक वैमानिक मरण पावले, तेव्हा कुठे सरकारने त्याची सहा यंत्रे विकत घेतली.

शिकलेले टिकवणे हा निराळा प्रश्न आहे. विमान सरळ धरणे, वळवणे, उतरवणे ही सलग चालणारी कौशल्ये महिनोन्महिने शाबूत राहतात, पण खटक्यांचे क्रम थोड्याशा खंडाने विरून जातात, आणि हा मानवी स्मृतीचाच धर्म असल्यामुळे त्याबद्दल खंत करू नये. दीर्घ खंडानंतर बसताना लढाईत न शिरता, एक संपूर्ण उड्डाण सावकाश, तपासयादी हाती घेऊन करावे.

ज्याला आरंभ करावयाचा असेल त्याने आधी खर्चाची चिंता सोडावी. डीसीएस वर्ल्ड विनामूल्य मिळते आणि त्याच्यासोबत टीएफ-५१डी मस्टँग व एसयू-२५टी ही दोन विमानेही विनामूल्य येतात. यांतले मस्टँग निवडावे. त्यावर शस्त्रे नाहीत, हे त्याचे वैगुण्य नसून नवख्याच्या दृष्टीने त्याचा मोठाच गुण आहे. उजव्या पेडलवर पाय ठेवून, डोळे धावपट्टीच्या दूरच्या टोकावर रोखून, डाव्या हाताने थ्रॉटल अगदी हळूहळू पुढे न्यावा.